जरासं टेकलेलं विमान

आता जे सांगतो ते कोणी खरं धरणार नाही. आमच्या गल्लीत धरत नाहीत, सासुरवाडीत तर कधीच धरलं नाही, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. नारळानं विमान फुटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. नारळ शाबूत राहिला आणि विमान फुटलं. त्या नारळाची चटणी आम्ही दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खाल्ली. ज्याला पटत नसेल त्यानं इथूनच उठावं.

प्रभाकर सरोदे उठला नाही, कारण त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि चहा यायचा होता. प्रभाकर आमचा शेजारी, शाळेत चित्रकला शिकवतो. त्या रविवारी सकाळी त्यानं नवी गाडी आणली होती. नवी म्हणजे त्याला नवी. चंदेरी रंगाची, आमच्या फाटकासमोर उभी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि आरशाला झेंडूचा हार. मी ओट्यावर बसल्या बसल्या चौकशी केली. अकोल्याच्या एका डॉक्टरची होती म्हणाला. एकहाती वापरलेली, घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी, बाकी गाडीला बाहेरचं वारं माहीत नाही.

"आपटलेली नाही न कुठं?" मी विचारलं.

"नाही जी काका. एकदा जराशी टेकली होती म्हणे मागून. बाकी काही नाही."

टेकली. हा शब्द कानावर आला की माझ्या कानशिलातली शीर अजून उडते. म्हातारा भिंतीला टेकतो. भाविक देवापुढं डोकं टेकतो. यंत्र टेकत नाही, यंत्र आपटतं. आणि ज्यानं 'टेकलं' म्हटलं त्यानं त्याच्यापुढचं काहीतरी गिळलेलं असतं. मी उचललेला पेढा पुड्यात परत ठेवला आणि प्रभाकरला म्हटलं, बस, हा पेढा खायचा की नाही ते गोष्ट संपल्यावर ठरवू.

आत स्वयंपाकघरात कपबशा जरा जोरात वाजल्या. आमच्या वेणूला, म्हणजे माझ्या बायकोला, मी कुठली गोष्ट काढणार हे माझ्या खाकरण्यावरून कळतं.

तर मी पायलट होतो. एवढं तरी खरं धरा. कपाशीवर विमानानं औषध फवारायचे ते दिवस होते. हंगाम आला की आमच्या वऱ्हाडात सकाळी सकाळी विमानं कपाशीवरून घिरट्या घालायची आणि बैल दावी तोडायचे. मी इतक्या खालून उडायचो की उतरल्यावर चाकांत कापूस अडकलेला असायचा आणि गावच्या बाया तो वेचण्याची मजुरी मागायला यायच्या. बोंडअळी मला आवाजावरून ओळखायची. दुसऱ्या कोणाचं विमान आलं की ती पानाखाली दडायची. माझं आलं की औषध सोडायच्या आधीच मरून पडायची.

"काका," प्रभाकर म्हणाला.

"अळीचं राहू दे. पुढचं ऐक."

एका वर्षी मी ज्यांच्याकडे उडायचो त्या फवारणीच्या कंपनीनं गाशा गुंडाळला. विमानं कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात नेली आणि आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं. पायलट विमानाशिवाय म्हणजे नुसता काळा चष्मा. दर्यापूरला माझ्या शाळेतल्या मित्राचं, रमण चर्जनचं, बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. त्यानं मला गल्ल्याजवळ खुर्ची दिली. जे औषध मी आभाळातून ओतायचो ते आता मापानं बाटलीत ओतत होतो, आणि बूच घट्ट बसलं का ते गिऱ्हाइकाला उलटं करून दाखवत होतो.

नागपूरकडे जाणारं एखादं मोठं विमान वरून गेलं की मी दुकानातून उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहायचो. लोक म्हणायचे, पायलट, गाडी सुटली तुमची. मग हसायचे. राग माझ्या नाकावर राहायला आला तो त्या वर्षी. अजून भाडं न देता तिथंच आहे.

सगळ्यात जास्त राग वेणूचा यायचा, कारण ती हसायची नाही. डबा बांधून द्यायची, गुणगुणायची, संध्याकाळी मी वेळेवर घरी आलो की तिचा चेहरा उजळायचा. मी उडत होतो तेव्हा ती रोज सकाळी अंगणात उभी राहून आवाज ऐकायची. आवाज थांबला की माझी सायकल फाटकाशी येईपर्यंत चूल पेटवायची नाही. हे मला शेजारणीनं सांगितलं होतं. एकदा ती म्हणाली, बरं झालं, जमिनीवर आले. त्या दिवशी मी ताट सरकवून उठलो होतो.

असं चाललेलं असताना रमण एक दिवस दुकानात धावत आला. एक फवारणीचं विमान विकायला निघालं होतं. पुण्याकडचे कोणी कॅप्टन कर्णिक म्हणून होते, त्यांच्या ताब्यात. रमणचा बेत तयार होता. विमान तो घेणार, उडवणार मी. तालुक्यातले कपाशीवाले झाडून त्याचे गिऱ्हाईक. त्यानं तर चार मोठ्या बागायतदारांना कबूलही करून टाकलं होतं की या हंगामात तुमच्या वावरावर आपलं स्वतःचं विमान येईल. फक्त विमान बरं आहे की नाही हे सांगायचं काम माझं. मी हो म्हटलं तर घ्यायचं, नाही म्हटलं तर सोडायचं. आणि हे सोडलं तर दुसरं काही आमच्या वाट्याला येणार नव्हतं, हे मला न सांगता कळत होतं. मग आयुष्यभर बूच दाबत बसायचं.

गावाबाहेर कंपनीनं सोडून दिलेली मुरमाची धावपट्टी होती. तिच्यावर म्हशी चरायच्या. रमणनं म्हशी हाकलल्या आणि एका सकाळी कॅप्टननं स्वतः विमान आणून उतरवलं. पिवळं धम्मक. एकाच माणसाला बसायची जागा, पंख खाली, कमरेएवढ्या उंचीवर. रंग इतका ताजा की हात लावायची भीती वाटावी. आमच्याकडे पोळ्याला बैल रंगवतात, त्यात एखादा चलाख माणूस म्हाताऱ्या बैलाची फुटकी शिंगंही रंगवून घेतो आणि पुढच्या बाजाराला उभा करतो. मला तेव्हाच ते आठवलं होतं. मी बोललो नाही, एवढंच.

कॅप्टन उंच, गोरा, पांढऱ्या शर्टाचा माणूस. बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला आपलंच शुद्धलेखन चुकल्यासारखं वाटावं. विमानाला प्रदक्षिणा घालत तो मला एकेक भाग दाखवत होता. डाव्या पंखाशी आला आणि न थांबता म्हणाला, "हा जरासा टेकला होता एकदा. बांधावर. पण मूळचं फार गुणी विमान आहे हो."

मुलगी दाखवताना तिच्या पायाच्या दोषाबद्दल मामा जसं बोलतो, अगदी तसं.

"पायलटचं काय झालं?" मी विचारलं.

"त्यानं उडणं सोडलं."

मी म्हटलं, घाबरला असेल. कॅप्टन हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कागद सगळे व्यवस्थित होते, दुरुस्ती झाल्याचं त्यात होतंच, आणि कोणत्याही दुरुस्तीच्या कागदात एवढंच असतं.

मग मी विमान वर नेलं.

प्रभाकर, वर काय असतं ते तुला सांगून कळणार नाही. खाली माझी खुर्ची होती, बुचं होती, हसणारे लोक होते. पंख उचलले आणि सगळं बारीक झालं. पूर्णा नदी गोधडीवरच्या टाक्यासारखी दिसायला लागली. रमण धावपट्टीच्या टोकाला उभा राहून शर्ट काढून हलवत होता. आमच्या घराचं कवेलूचं छप्पर दिसलं, अंगण दिसलं, अंगणात एक ठिपका दिसला. आणि नाकावर बसलेला तो राग, जो मला झोपेतही सोडत नव्हता, तो वर आलाच नाही. खालीच राहिला.

विमान डावीकडे ओढत होतं. दांडा सरळ धरला की नाक हळूच डावीकडे वळायचं, बैल जसा आपल्या खळ्याकडे वळतो. मी सरळ करायचो, ते वळायचं. उतरल्यावर मी कॅप्टनला म्हटलं, डावीकडे ओढतंय. तो म्हणाला, वारा आहे. धावपट्टीच्या कडेला बांबूवर वाऱ्यासाठी कापड बांधलेलं होतं. ते ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. त्याच्याकडे त्यानंही पाहिलं, मीही पाहिलं.

"मग तुम्ही काय म्हणलं?" प्रभाकरनं विचारलं.

"मी काही म्हटलं नाही. मी त्याची परीक्षा घेत होतो. माणूस किती खोलात जातो ते पाहत होतो."

आत काहीतरी जमिनीवर पडलं. बहुतेक उलथनं.

रमणनं लगेच जाहीर केलं की येत्या गुरुवारी पूजा करायची आणि त्याच दिवशी व्यवहार पुरा करायचा. मी विचार करायला वेळ मागितला म्हणा, नाही म्हणा, तो ऐकत नव्हता. गुरुवारी सकाळी धावपट्टीवर अर्धं गाव आलं होतं. बागायतदार फेटे बांधून आले होते. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार घातला होता, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. कॅप्टनची जीप वळवून उभी होती, कारण सही झाली की त्याला निघायचं होतं. वेणू पूजेची थाळी घेऊन आली होती. आम्हा दोघांच्या घरात सवाशीण म्हणून तीच. रमणचं लग्न व्हायचं होतं.

तिनं चाकाला हळदीकुंकू लावलं, उदबत्ती फिरवली, आणि नारळ हातात धरून उभीच राहिली. चाकाजवळ दगड मांडून ठेवला होता. त्याच्यावर फोडायचा, पाणी चाकावर शिंपडायचं, की झालं. ती फोडेना. डाव्या पंखाला खेटून उभी, नारळ छातीशी धरलेला.

कॅप्टनला घाई झाली होती. तो हसत हसत तिला म्हणाला, "वहिनी, फोडा की आता. तुम्ही बायका सगळ्या सारख्याच. मागच्या पायलटच्या वहिनीही अशाच उभ्या राहिल्या होत्या नारळ धरून. सोडेचनात हातातून."

वेणूनं विचारलं, सहज, बाया विचारतात तसं, "त्या कुठी राहतात आता?"

"माहेरी असतात."

एवढंच. कॅप्टननं घड्याळाकडे पाहिलं. रमण फेटेवाल्यांना चहा देत होता. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी विमानाच्या शेपटीशी उभा होतो आणि तो शब्द माझ्या कानात दगडासारखा पडला. तू लग्न झालेला माणूस आहेस प्रभाकर, तूच सांग. बाई माहेरी जाते. सणाला जाते, बाळंतपणाला जाते, भांडून जाते. माहेरी राहून येते. माहेरी असते कधी? भरल्या घरची सून, नवरा उडणं सोडून दुसरीकडे कामाला लागलेला, ती माहेरी असेल कशी? माहेरी असते ती एकच. जिचं सासर संपलेलं असतं ती.

प्रभाकरनं हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

त्यानं उडणं सोडलं. खरंच होतं. मेलेला माणूस उडणं सोडतोच. बांधावर टेकला. तेही खरं. पंख टेकला असेल, माणूस पुरता गेला. त्या पायलटबद्दल कॅप्टननं मला एक शब्द खोटा सांगितला नव्हता. आणि त्याच गोष्टीचा मला असा संताप आला की डोळ्यांपुढं पिवळं पिवळं झालं, विमान पिवळं होतं म्हणून असेल. मी थापा मारतो. सगळा तालुका जाणतो. पण माझ्या खोट्यानं आजवर कोणी मेलं नाही. याच्या खऱ्याखाली मेलेला माणूस दडला होता आणि दुसरा मरायला पट्टा बांधून तयार होता.

मी पुढं झालो. वेणूच्या हातातून नारळ हिसकला. ती बिचारी बावरून बाजूला झाली. आणि मी तो नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन डाव्या पंखावर हाणला, जिथं पंख विमानाच्या पोटाला जोडलेला असतो तिथं.

आवाज पत्र्याचा आला नाही. बद्द झाला. फुटलेल्या माठाचा. नारळ उसळून पलीकडे मुरमात जाऊन पडला, जसाच्या तसा, शेंडीसकट. आणि पंखाचा भाकरीएवढा तुकडा निखळून खाली आला. पत्रा नव्हता तो. लांबी होती. रंगारी लोक दाराच्या भेगा बुजवायला जी लांबी भरतात ना, ती. मनगटाएवढी जाड थापलेली, वरून पिवळा रंग. तिच्यामागं जिथं अखंड पत्रा आणि पक्के रिव्हेट असायला हवे होते तिथं सुरकुतलेलं जुनं लोखंड-पत्र्याचं मढं होतं, तारेनं आवळलेलं. आत हात जात होता. त्या पंखाच्या भरवशावर मला कपाशीच्या शेंड्यांवरून उडायचं होतं.

एका फेटेवाल्यानं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी कॅप्टनची कॉलर धरली. "कसा मेला तो?"

तो म्हणाला, आणि हे तो अजून त्याच मऊ आवाजात म्हणाला, "तो जिवंत आहे असं मी कुठं म्हटलं?"

पुढं काय झालं ते कपाशीला विचारा. मी तो तुटलेला लांबीचा तुकडा उचलला आणि कॅप्टन धावायला लागला. जीप राहिली बाजूला. तो वावरात शिरला. मी मागं. असा धावला तो माणूस की त्याच्या वाऱ्यानं दोन ओळींतली बोंडं वेळेआधी उकलली. नाला त्यानं न पाहता ओलांडला. त्याचा काळा चष्मा पुढच्या साली जिनिंगमध्ये एका गाठीत सापडला, रुईत गुंडाळलेला, काच न फुटता.

"काका, चष्म्याचं जरा जास्त होते," प्रभाकर म्हणाला.

"बरं, काच फुटली होती. पण ऐक."

मी परत आलो तेव्हा रमण विमानाजवळ उकिडवा बसला होता. पंखातल्या त्या भगदाडाकडे पाहत नव्हता. जमिनीकडे पाहत होता. आणि तिथंच मला दुसरी गोष्ट कळली. बाकी सगळी माणसं त्या भगदाडाकडे पाहत होती. ज्याला आत काय आहे ते आधीपासून ठाऊक आहे तोच तिकडे पाहत नाही.

"रमण्या. तुले ठाऊक होतं."

तो मुरमावर बोटानं रेघ ओढत होता.

"कवापासून ठाऊक होतं बे?"

त्यानं मान वर केली. माझा शाळेतला मित्र. मधल्या सुट्टीत आम्ही एका डब्यात जेवलो होतो. म्हणाला, दुरुस्त केलं म्हणे त्याईनं, म्हटलं झालं असन. लोकाईले शब्द देऊन बसलो होतो. मग तो जे बोलला त्याचा राग माझ्या कॅप्टनवरच्या रागाहूनही मोठा आहे, आणि तो माझ्याबरोबर सरणावर जाईल.

"तुले सांगतलं असतं त तू काय नाही म्हणला असता? तुले उडाचं होतं न."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. अख्ख्या गावासमोर. त्यानंतर त्याच्या दुकानाची पायरी मी चढलो नाही, तो वारला तेव्हा दारातूनच परतलो. आणि त्या दिवशी, त्या धावपट्टीवर, मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे विमान आपण घेत नाही. कोणाच्या बायकोला माहेरी पाठवून मला उडायचं नाही. मग मुरमातला नारळ उचलला, वेणूचा हात धरला आणि घरी निघालो. वाटेत ती रडत होती. मी तिला म्हटलं, घाबरू नको, मी आहे न.

एवढं बोलून मी थांबलो. प्रभाकर त्याच्या गाडीकडे पाहत होता, तिच्या मागच्या बाजूकडे. मी पेढा उचलला, कारण गोष्ट संपली होती आणि ती चांगली झाली होती.

वेणू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. कप दिला नाही. पदराला हात पुसत ती प्रभाकरसमोर उभी राहिली, माझ्याकडे न पाहता.

"खोटं सांगून राहिले हे," ती म्हणाली.

"वेणू."

"इतके दिवस ऐकलं. अळ्या ऐकल्या, चष्मा ऐकला, मी काही म्हणलं नाही. तो लेक आज गाडी घेऊन आला, त्याले तरी खरं सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. तिचा आवाज राग आला की खाली जातो. "नारळ मी हाणला."

प्रभाकरनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"मग काका कुठं होते, काकू?"

"विमानात. आत बसले होते, पट्टा बांधून, वरून लोकाईले हात दाखवत होते. त्याईले कुठचं माहेर अन् कुठचं सासर ऐकू येते. त्या माणसानं माहेरी म्हणलं ते मी ऐकलं. मले विमानातलं काही समजत नाही बापू. कुठी हाणाचं ते बी मले ठाऊक नव्हतं. राग आला होता, पंख समोर होता, म्हणून हाणला. दुसरं काही समोर असतं त त्याच्यावर हाणला असता."

"अन् लांबी पडली तेव्हा?"

"तेव्हा उतरले खाली. पाह्यलं पंखात हात घालून. अन् कोणावर ओरडले? त्या कॅप्टनवर नाही. रमणभाऊवर नाही. माझ्यावर. माझं विमान फोडलं म्हणे. साऱ्या गावासमोर." हातातला पदर तिनं घट्ट पिळला. "मंग त्या कॅप्टनले म्हणतात, एवढी लांबी पुन्हा भरून द्या साहेब, सुकली की मी नेतो."

गल्लीतून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी म्हटलं, "वेणू, चहा निवून राहिला."

"निवू द्या," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी थाळी खाली ठेवली अन् म्हणलं, उडा. खुशाल उडा. मागून जाचंच आहे त मी आजच जाते माहेरी."